दऱ्यातला हाका

तिकडं ढोकीच्या कारखान्याचा भोंगा झाला. आता वस्तीवर कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. शेकोटीत तुराट्या सारा आणि जवळ सरका. ही गोष्ट येडशीच्या घाटाखालच्या शांतलिंगअप्पांची. तुमच्यातल्या थोरल्यांनी त्यांना पाहिलंय. रात्री-अपरात्री अंगणातनं कुणी हाक मारली, तर पहिल्याच हाकेला ओ देणारा माणूस. घरचे म्हणायचे, बघा तरी कोण आहे ते, मग ओ द्या. अप्पा ऐकायचे नाहीत. तशी सवय माणसाला उगीच लागत नाही.

तेव्हा ते अप्पा नव्हते. नुसता शांतलिंग होता, हैदराबादला वकिली शिकणारा. राज्य निजामाचं. सेहेचाळीस साल नुकतं लागलं होतं. गुरुवारी मार्गशीर्ष अवसेची येळवस होती आणि बुधवारी दुपारी शांतलिंगनं दमणीला बैल जुंपले नि तो येडशीच्या ठेसनावर निघाला. हैदराबादहून त्याचे दोन दोस्त छोट्या गाडीनं येणार होते.

दोन वर्षं त्यानं त्या दोस्तांची चेष्टा सोसली होती. तुमच्या मुलखात आहे तरी काय, धोंडे आणि बोरी, असं ते म्हणायचे. शांतलिंग म्हणायचा, एकदा येळवसेला या. अख्खं गाव त्या दिवशी रानात जेवतं, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. मग सांगा काय आहे ते.

गाडी आली. पहिल्यांदा उतरला महबूबअली. परभणीच्या एका मास्तरांचा मुलगा, अंगानं किरकोळ, मराठी घरच्यासारखी बोलणारा. त्याच्यामागं विश्वंभर. नांदेडकडल्या जहागीरदाराचा थोरला मुलगा. उंच, गोरापान, पायात चामडी बूट. श्रीमंतीची घमेंड होती त्याला, पण दोस्तीला पक्का होता. मागच्या पावसाळ्यात शांतलिंगला विषमज्वर झाला, तेव्हा वसतिगृहातली पोरं खोलीत पाऊल टाकायला भीत होती. हा उशाशी बसला. रात्र-रात्र बसला. चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं त्यानं. शांतलिंग म्हणायचा, मी आज आहे तो विश्वंभरमुळं.

दमणी निघाली. शांतलिंगचं तोंड थांबेना. "ते तिकडं रामलिंगाचं देऊळ. परवा तिथं जाऊ. मग तेरला गोरोबाकाकांच्या देवळात, मग धाराशिवची लेणी." महबूब प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता, मध्येच उतरून बोरं तोडत होता. विश्वंभरही हसत होता, थट्टा करत होता.

ऊन कलताना रस्ता डोंगराच्या कुशीला लागला. उजव्या हाताला एक दरा आत शिरत गेलेला. दोन्ही अंगांना तांबडा मुरूम, करवंदीच्या दाट जाळ्या, मधनं ओढ्याची बारीक धार. विश्वंभर बोलता बोलता थांबला.

"ही कुठली जागा?"

"करवंदीचा दरा."

"इथं मोटार येते?"

"खालनं नाही. वरच्या अंगानं येते, धाराशिवाकडनं. साहेबलोक शिकारीला येतात. का रे?"

"काही नाही." त्यानं मफलर नाकापर्यंत वर ओढला. बराच वेळ दऱ्याकडं बघितलं नाही, आणि मग एकदम वळून बघितलं. "उद्या परतीची गाडी आहे का?"

"अरे, आत्ता तर आलास. उद्या येळवस."

तो हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. त्यानं पाणी मागितलं. शांतलिंगनं फिरकीचा तांब्या दिला. विश्वंभरनं तोंडाला लावला, उलटा केला, हलवून बघितला.

"रिकामा आहे."

महबूबनं तांब्या त्याच्या हातातनं घेतला आणि घटाघटा प्यायला. पाणी त्याच्या हनुवटीवरनं सदऱ्यावर ओघळलं.

फिरकी नीट उघडली नसेल, असं शांतलिंगच्या मनात आलं. पण रात्री जेवताना विश्वंभरनं तीनदा पेला उचलला आणि तीनदा तसाच खाली ठेवला.

दुसरा दिवस येळवसेचा. सकाळपासनं गाड्या रानाकडं लागल्या. ज्वारी डोक्याएवढी उभी, हरभरा घाट्यांवर आलेला. शांतलिंगचे वडील वीरप्पा मोठे शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी स्वतः कडब्याची कोप उभी केली, आत पांडव म्हणून पाच दगड मांडले, चुना लावून पूजा केली. मग पंगत बसली. भज्जी, उंडे, खिचडा आणि मडक्यात आंबील. महबूब इतका जेवला की शांतलिंगची आई, महानंदाअव्वा, पदर तोंडाला लावून हसली.

वाढायला कस्तुराबाई होती. वीरप्पांच्या रानात मजुरीला असायची. वय फार नव्हतं, पण केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. महबूबनं सहज विचारलं, "बाई, घरी कोण कोण तुमच्या?"

"कुनी न्हाय. मालक व्हते. गोरोबा नाव." तिनं आंबिलीचं मडकं कडेवर घेतलं. "दोन वर्सं झाली. हाक्याला नेलं व्हतं वेठीनं. बडा अंमलदार आला व्हता शिकारीला, तंबू मारून. समद्या गावातनं मान्सं गोळा केली, डबे बडवायला, रान उठवायला. त्या अंमलदाराच्या कुन्या पाव्हण्याची गोळी लागली यांना. दऱ्यात."

गावाला हे माहीत होतं, पण गाव ते बोलत नव्हतं. शांतलिंग त्या वेळी हैदराबादला होता. सुट्टीत आला तेव्हा 'गोरोबाला वाघानं नेलं' एवढंच त्याच्या कानावर घातलं होतं.

"लगीच न्हाय गेले," कस्तुराबाई बोलत राहिली. रडत नव्हती. बाजारातली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "रातभर आवाज येत व्हता. पानी, पानी. दऱ्याच्या तोंडाला शिपाई बसविला व्हता. आत वाघ जखमी हाय, कुनी जाऊ नका, म्हनायचा. म्या कळशी घिऊन गेले तर बंदुकीचा दस्ता मारला हितं." तिनं खांद्याला हात लावला. "मंग गावात आले. दारं वाजविली. एक दार उघडलं न्हाय."

वीरप्पा ताटातल्या उंड्याकडं बघत होते.

"कुनी मारलं त्ये बी ठावं न्हाय मला. घोड्यावर व्हता, टोपी व्हती डोईला, एवढंच सांगत्यात. पन ज्यानं मारलं त्याला बी मरताना घोटभर पानी मिळू नये. एवढंच मागनं हाय माजं." मग ती वाकली आणि पुढच्या पाहुण्याच्या वाटीत आंबील ओतली. "घ्या बाबा. प्या. लांबनं आलाव."

तो विश्वंभर होता.

आंबील पांढरीशुभ्र, काठोकाठ. शांतलिंगनं स्वतः पाहिली. विश्वंभरनं वाटी उचलली. ओठांशी नेली… आणि खाली ठेवली. वाटी कोरडी होती. ओली झाल्याची खूणसुद्धा नव्हती तिला. भट्टीतनं आत्ता काढावी तशी कोरडी.

"पोट भरलं," तो म्हणाला.

शांतलिंगनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली. त्या एका नजरेत शांतलिंगला शंका चाटून गेली, पण त्यानं ती शब्दांत येऊ दिली नाही. पाहुणा होता तो. शिवाय जीव वाचवणारा.

दिवेलागणीला कडब्याचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवला. येळवसेची रीतच आहे ती. पेटता हेंडगा घेऊन शिवाराभोवती फिरायचं, आंबील शिंपडत पुकारा करायचा. शांतलिंग पुढं, महबूब मागं. "ओलगे… ओलगे…" आजूबाजूच्या रानातनंही तेच चाललेलं. अंधारात ठिकठिकाणी जाळ पळत होते. सगळा मुलूख उजळल्यासारखा. हेच तर दाखवायचं होतं शांतलिंगला.

बांधाच्या डोंगराकडल्या टोकाला ते आले. शांतलिंगनं पुकारा केला आणि दऱ्यातनं उत्तर आलं.

पुकाऱ्याचं नव्हे. पत्र्याचा डबा वाजला. एकदाच.

महबूब म्हणाला, "उधर भी शेत है क्या?"

तिकडं शेत नव्हतं.

सगळे गावात परतले. पाहुण्यांची अंथरुणं ढाळजेत टाकली होती, थोरल्या दाराला लागूनच. शांतलिंगही तिथंच निजला. वीरप्पांनी स्वतः अडसर घातला. अवसेची रात्र. थंडी अशी की बैलांच्या घंटासुद्धा गोठल्यासारख्या. विश्वंभर निजला नाही. भिंतीला टेकून बसला होता, बूट घालून.

मध्यरात्र उलटली. आणि हाका सुरू झाला.

लांबनं. दऱ्याच्या अंगानं. आधी डबे. मग हलगी. मग माणसांचे आवाज, जनावर उठवताना काढतात तसे. "हा… हा… हुर्रर्र… हा…" पंचवीस-तीस माणसं असावीत असा गदारोळ. तो डोंगर उतरला. रानातनं पुढं सरकला. शांतलिंग उठून बसला. महबूब उठला. आतनं वीरप्पा कंदील घेऊन आले आणि उंबऱ्यावरच उभे राहिले.

"अप्पा, कोण आहे हे?"

वीरप्पांनी कंदील खाली केला.

"एवढ्या रातचं कोण शिकार खेळतंय?"

"शिकारी कुनी न्हाय आलेला," वीरप्पा म्हणाले. "गावातला बी कुनी भाईर न्हाय."

आवाज गावकुसाशी आला. तिथं फुटला. थोडा डावीकडं गेला, थोडा उजवीकडं. गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाही.

तेव्हा विश्वंभर बोलला. कुणी विचारलं नव्हतं.

"मी आलो होतो इथं. दोन वर्षांमागं. त्या अंमलदाराचा पाहुणा म्हणून. वरनं आलो, मोटारीनं. गावाचं नाव माहीत नव्हतं मला. काल दरा बघितला तेव्हा कळलं."

शांतलिंगनं पांघरूण बाजूला सारलं.

"जाळी हलली. मला वाटलं डुक्कर."

"मग?"

"मग तो ओरडला."

बाहेर हलगी थांबली. पुन्हा सुरू झाली. जवळ.

"साहेब म्हणाले, मामला वाढेल. दवाखान्यात नेला तर बोलेल. मी म्हणालो…" विश्वंभरनं ओठांवरनं जीभ फिरवली. ओठ फुटलेले होते. "मी म्हणालो, आत वाघ जखमी आहे असं सांगा. कुणी जाणार नाही. सकाळपर्यंत मिटेल."

"हे तू म्हणालास?"

"मी."

महबूबनं डोळे मिटले.

"तो रातभर पाणी मागत होता, विश्वंभर. ऐकू येत होतं तुला?" शांतलिंगनं विचारलं.

"तंबूत होतो आम्ही. बाजा लावला होता. रेकॉर्ड बदलायला थांबलो की… ऐकू यायचं."

शांतलिंगला तापातल्या त्या रात्री आठवल्या. उशाशी बसलेला हाच माणूस. हातात चमचा. घे शांतू, अजून एक घोट. तोच माणूस आणि हाही तोच माणूस. दोन्ही खरे होते, आणि एकाला धरून दुसऱ्याला सोडता येत नव्हतं.

हाका घराला भिडला.

डाव्या अंगाला. उजव्या अंगाला. मग परड्यात. गोठ्यातले बैल दावी ताणून उभे राहिले, पण हंबरले नाहीत. मग आवाज आत आला. घरात. स्वयंपाकघरात डबा वाजला. माजघरातनं "हुर्रर्र" आलं. महानंदाअव्वा तिथंच निजली होती, तिची झोपसुद्धा मोडली नाही. दिसत कुणी नव्हतं. नुसता आवाज… पावला-पावलानं पुढं येणारा. वीरप्पांच्या पाठीमागं पोचला.

तीन बाजूंनी आवाज. फक्त थोरल्या दाराबाहेर शांत. एकदम शांत.

विश्वंभर उठला आणि दाराकडं धावला.

शांतलिंग त्याच्या आधी पोचला. अडसराला पाठ लावून उभा राहिला. "नको. तू शिकारी आहेस, तुला कळत नाही? तीन बाजूंनी हाका घालतात. चौथी मोकळी सोडतात. मोकळ्या बाजूला बंदूक घेऊन कोण बसलेलं असतं, तुला माहीत आहे."

"उघड."

"इथं बस. सकाळ होऊ दे. मी तुझ्याजवळ बसतो. मग काय व्हायचं ते कोर्टात होईल."

"उघड, शांतू. मागं आलाय. माझ्या मानेवर आलाय." त्यानं शांतलिंगचा सदरा मुठीत धरला. तोंडाला तोंड भिडलं होतं. श्वास तापलेल्या तव्यासारखा. "एका हाकेकऱ्यापायी मारतोस मला? असे किती मरतात. कोण विचारतं त्यांना?"

पुढं शांतलिंगअप्पांना कुणी विचारलं, की दार कुणी उघडलं, तर ते एवढंच म्हणायचे, "माझा हात सैल झाला." उघडलं असं म्हणाले नाहीत. नाही उघडलं असंही नाही.

अडसर पडला. विश्वंभर बाहेर गेला.

हाका त्याच्या मागं गेला. घरातनं, परड्यातनं, शांतलिंगच्या अंगावरनं. वारा नव्हता, पण कंदील विझला. गल्लीत बुटांचा आवाज. मग रानात ज्वारीची ताटं मोडल्याचा कडकडाट. मग लांब… आणखी लांब. डोंगराकडं.

मग हलगी थांबली. डबे थांबले.

बराच वेळ काही नाही.

आणि मग दऱ्यातनं आवाज आला. बारीक. स्पष्ट.

"पाणी… शांतू… पाणी…"

महबूब उठला. त्यानं रांजणातनं कळशी भरली, कंदील पुन्हा लावला. "मी जातो," म्हणाला. "त्यानं काय केलं ते खुदा बघेल. पाणी मागतोय ना तो."

"थांबा," वीरप्पा म्हणाले. ते खाली बसले होते, उपरणं तोंडाला लावून. "जाऊ नका, असं म्हनायला माजं तोंड न्हाय. पन मागल्या खेपेला न्हाय गेलो. आज बी पाय उचलत न्हाय माजा."

शांतलिंगनं कंदील घेतला. दोघं निघाले. गल्लीतली सगळी दारं बंद होती, पण कुणी निजलेलं नव्हतं. एका दाराआड खोकल्याची ढास दाबल्याचा आवाज आला. एका दाराआड लेकराचं तोंड कुणीतरी हातानं झाकत होतं. कस्तुराबाईच्या खोपटापुढनं ते गेले. तिच्या ताटीआडनं घोरण्याचा आवाज येत होता. गाढ झोपेतल्या माणसाचा.

दऱ्याच्या तोंडाशी एक धोंडा आहे. अजून आहे. त्याच्यावर कुणीतरी बसलेलं होतं.

पाठमोरं. डोक्यावरनं घोंगडी. मांडीवर काठी आडवी. कंदिलाचा उजेड धोंड्यावर पडला, धोंड्याच्या कडेच्या गवतावर पडला… त्याच्यावर पडला नाही.

"कोण आहे?" शांतलिंगनं विचारलं.

"आत वाघ जखमी हाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. घाई नव्हती. "कुनी जाऊ नका."

शांतलिंगनं लहानपणी तो आवाज रोज ऐकला होता. बैलांना पाण्यावर नेताना. गोरोबाचा आवाज.

आतनं पुन्हा आलं. "पाणी…"

महबूब पुढं झाला. "बाबा, घोटभर देतो त्याला. मग तुमचं काय आहे ते घ्या."

"आत वाघ जखमी हाय. कुनी जाऊ नका."

महबूबनं पाऊल उचललं, आणि त्याच्या हातातली कळशी हलकी झाली. त्यानं आत हात घातला. कोरडी. खाली जमीनही कोरडी. एक थेंब सांडला नव्हता.

तो परत वळला नाही. पण पुढंही जाऊ शकला नाही. दोघं तिथंच बसले, धोंड्यापासनं जरा अंतरावर. आत विश्वंभर आईचं नाव घेत होता. मग शिव्या देत होता. मग गयावया. त्याच्या दोन हातांवर ओढा वाहत होता, त्याची खळखळ इथवर ऐकू येत होती. आणि त्या खळखळीच्या वर तो पाणी मागत होता. शांतलिंगनं कान झाकले नाहीत. ज्यानं आपल्याला रात्रभर पाणी पाजलं त्याचं एवढं तरी ऐकून घ्यावं, असं त्याला वाटलं. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

आवाज बारीक होत गेला.

तांबडं फुटलं तेव्हा थांबला.

धोंड्यावर कुणी नव्हतं. ते आत गेले. विश्वंभर ओढ्यात पालथा पडला होता, तोंड कानापर्यंत पाण्यात. महबूबनं त्याला उताणा केला. अंगावर जखम नाही. बूट फाटून तळपायांची सालटी निघालेली. ओठ चिरलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, कोरडीठाक. पाण्यात तोंड घालून तो तहानेनं मेला होता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कस्तुराबाई आली. तिनं प्रेत बघितलं. कोण, काय, कसं, काही विचारलं नाही. दोन वर्षं ती त्या ओढ्यावर फिरकली नव्हती. त्या दिवशी तिनं पदर खोचला, कळशी धुतली, ओढ्यात बुडवून भरली, डोक्यावर घेतली आणि गेली.

पोलीस अमीन आला दुपारी. पंचनामा झाला. वाघानं मारलं, असं लिहिलं गेलं. गावातल्या कुणी हरकत घेतली नाही. महबूबनं प्रेत गाडीत घातलं आणि नांदेडकडं घेऊन गेला. जाताना शांतलिंगच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा मुलूख बघितला, शांतू. पुन्हा बोलावू नको." शांतलिंगनं बोलावलं नाही. वकिलीही सोडली. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, तो अंमलदार कुठं गेला कुणास ठाऊक. शांतलिंग गावातच राहिला आणि म्हातारा झाला.

पण त्या सकाळचं राहिलं. अमीन यायच्या आधीचं.

शांतलिंग दऱ्यातनं घरी आला, तेव्हा सड्याची वेळ टळून गेली होती आणि एकाही दारात सडा पडलेला नव्हता. बाया शेणाच्या बादल्या घेऊन उंबऱ्यांवर उभ्या होत्या. सगळ्या रस्त्याकडं पाठ करून. आपल्याच घरात बघत. महानंदाअव्वाही तशीच उभी होती. शांतलिंग तिच्याजवळनं आत गेला आणि वळून ती बघत होती तिथं त्यानं बघितलं.

दाराच्या फळीवर हाताचा पंजा उमटला होता. गुडघ्याएवढ्या उंचीवर, सरपटत आलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं. आपल्या गावची माती काळी. पंजा तांबड्या मातीचा होता, दऱ्यातल्या.

तसा तो गावातल्या प्रत्येक दाराला होता. कस्तुराबाईची ताटी तेवढी स्वच्छ.

वीरप्पांचं घर सोडलं तर रात्रभर दारं लावलेली होती, अडसर घातलेले होते. बायांनी ते उजाडल्यावर आपल्या हातांनी काढले. आणि पंजे दारांच्या आतल्या अंगाला होते.